घंगाळाची कैफियत

भांड्यांवर नावे घालण्याची जी चाल मराठी घरांत आहे, तिच्याकडे इतिहाससंशोधकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, असे माझे नम्र मत आहे. ताम्रपटाच्या एका तुकड्यासाठी खेडोपाडी पायपीट करणारा विद्वान घरी येऊन ज्या पेल्याने पाणी पितो, त्या पेल्याच्या काठावर 'चि. सौ. कां.' या मंगलाक्षरांनी आरंभ होणारा, देणाऱ्याचे नाव, घेणारीचे नाव, उभयतांचे नाते, प्रसंग, मिती आणि शक इतका तपशील अवघ्या दीड ओळीत सांगणारा एक संपूर्ण दानलेख कोरलेला असतो. परंतु तो वाचण्याची तसदी, पंगतीला उसनी दिलेली भांडी परत मोजून घेणाऱ्या गृहिणीखेरीज कोणीही घेत नाही. हे लेख कोरणारा कारागीर भांड्यांच्या दुकानी उंबऱ्याशी बसून विजेच्या थरथरत्या लेखणीने आपले काम करीत असतो, आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत तो स्वतंत्र बाण्याचा असतो. आमच्या घरी एक पातेले 'सश्रम भेट' म्हणून आलेले आहे. देणारा माणूस श्रमाशिवाय काही देणाऱ्यांपैकी नव्हता, हे ठाऊक असल्यामुळे ती चूक आम्ही कधी दुरुस्त करून घेतली नाही.

तथापि या दानलेखांत एक मोठी उणीव आहे. वस्तू कोणी कोणास दिली एवढे सांगून ते मौन धारण करतात. त्या वस्तूने पुढे काय भोगले, कोणाच्या लग्नात ती हरवली आणि कोणाच्या बारशात सापडली, तिला आलेला पोचा पडल्याचा की फेकल्याचा, आणि फेकल्याचा असल्यास कोणी कोणाच्या दिशेने फेकल्याचा, ही सारी हकीकत घरातील एखाद्या वृद्ध स्त्रीच्या मुखी तेवढी नांदत असते. आणि ती ऐकण्यास सवड असलेला माणूस घरात सहसा नसतो.

माझ्या थोरल्या आत्याच्या घरी अशी हकीकतवान भांडी किमान दोनशे असावीत. तिचे वय 86. ज्या वाड्यात ती 1959 साली सून म्हणून आली तो नारायण पेठेतील वाडा पाडून त्याच जागी इमारत उभी राहिली, आणि वाड्याच्या कोठीघरात ऐसपैस वावरणारी ही प्रजा तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांच्या माळ्यावर येऊन दाटीवाटीने राहू लागली. दर दिवाळीला माळा आवरताना माझा आतेभाऊ यातली निम्मी मोडीत काढण्याचा ठराव मांडतो, आणि दर दिवाळीला आत्या तो चर्चेविना नामंजूर करते. मोडीचा भाव किलोवर असतो, आणि हकीकतीचे वजन कोणताही दुकानदार धरीत नाही, हे तिचे म्हणणे वाजवी आहे. मोडी लिपीला, ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरल्यावर का होईना, युनिकोड नामक जगाच्या वर्णकोशात 2014 साली जागा मिळाली; मोडीत गेलेल्या भांड्यांना ती अद्याप कोठेच मिळालेली नाही.

मोडीच्या वाटेवरून भांडी परत फिरवणारा एक पुरुष मात्र या पुण्यातच होऊन गेला. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी 1920च्या सुमारास दिवे, अडकित्ते, भांडी असा संसार जमवण्यास प्रारंभ केला, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहास दिले, आणि 1975 साली तो सरकारच्या स्वाधीन केला. आज तेथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. गेल्या वर्षी आत्याला मी तेथे घेऊन गेलो. मूर्तींपुढून ती नमस्कार करीत झपाट्याने पुढे गेली. अडकित्त्यांपुढे मात्र पाऊण तास खिळून राहिली. सरतेशेवटी एका नक्षीदार अडकित्त्याकडे बोट करून तिने मला विचारले, "हा कोणाच्या हातातला रे?"

"अगं आत्या, ते आता कोणाला ठाऊक असणार? वस्तू राहिली हेच खूप झालं."

"आणि सुपारी कोणाला कातरून द्यायची ती बाई?"

बाई होती हे तिने परस्पर मुक्रर करून टाकले होते. मी निरुत्तर झालो. बाहेर पडताना पायरीवर थांबून ती म्हणाली, "आमचा अडकित्ता मी गेल्यावर इथे आणून देऊ नका हो. मी आहे तोवर विचारून घ्या काय ते."

तीस वर्षे कचेरीत नोंदवह्या राखलेल्या माणसाला याहून स्पष्ट आज्ञा लागत नाही. त्याच रात्री मी एक जाबता तयार केला. अनुक्रमांक, वस्तू, धातू, मालकाचे नाव, प्राप्तीचा प्रसंग, हकीकत आणि शेरा असे त्यात सात रकाने होते. दर वस्तूस दोन मिनिटे दिली, तर दोनशे वस्तूंस चारशे मिनिटे, म्हणजे सात तासांहूनही कमी वेळ लागेल, आणि दोन रविवारांत आत्याचा माळा दफ्तरदाखल होईल, असे त्रैराशिक मी मांडले. त्रैराशिकात चूक नव्हती. त्यात आत्या धरावयाची राहून गेली होती, इतकेच.

न्यू जर्सीत राहणाऱ्या तिच्या नातीने एक नवा मोबाइल आधीच पाठवून दिला होता आणि तो देव्हाऱ्याच्या खणात, हळदीकुंकवाचे बोट लावून, सुरक्षित ठेवण्यात आला होता. तो बाहेर काढून मी शिकवणीस आरंभ केला. पहिली अडचण अशी की, आत्याचे बोट त्या पडद्याला मान्य होईना. या काचेला बोटाच्या कातडीतून विजेची किंचित वाहकता लागते, आणि वयपरत्वे कोरड्या पडलेल्या बोटांत ती उणी पडते, ही शास्त्रीय उपपत्ती मी सांगत असतानाच आत्याने पोथीचे पान उलटताना लावावे तसे बोट जिभेला लावले आणि पडदा तत्काळ वश झाला. तेव्हापासून ती ज्ञानेश्वरी आणि व्हॉट्सअॅप एकाच रीतीने वाचते.

छायाचित्रण हा दुसरा धडा. घंगाळाचे म्हणून काढलेल्या पहिल्या चार चित्रांत आत्याचे कपाळ आले. कॅमेरा उलट बाजूचा लागला होता. पाचव्यात घंगाळ आले खरे, परंतु चिंच-मिठाने घासून ते असे लखलखीत केलेले होते की त्याच्या पोटात मी, माझा चष्मा, माझ्या हातातील जाबता आणि मागील खिडकी यांचे फुगीर प्रतिबिंब पडून ती वस्तू घंगाळ आहे की मी आहे, याचा निर्णय पाहणाऱ्यावर सोपवावा लागला.

तिसरा धडा बोलण्याचा. खुणेवर अंगठा दाबून धरायचा, बोलायचे, अंगठा उचलला की बोलणे कुटुंबाच्या गटात रवाना होते, इतके सोपे ते यंत्र आहे. लांब बोलायचे असल्यास अंगठा तसाच वर सरकवून बारक्या कुलपाच्या चित्राशी न्यावा, म्हणजे हात मोकळा राहतो, असेही मी सुचवले. पण कुलपाचे चित्र पाहताच आत्याचा चेहरा पालटला. "माझ्या बोलण्याला कुलूप?" ती म्हणाली. "सासूबाई होत्या तोवर होतं तेवढं पुरे झालं." कुलपाचा विषय तेथेच बरखास्त झाला, आणि अंगठा दाबून धरण्याचा मार्ग तेवढा कायम राहिला. या क्षुल्लक भासणाऱ्या निर्णयाचा परिणाम पुढे व्हायचा होता.

अनुक्रमांक एक, वस्तू घंगाळ, धातू तांबे, प्राप्तीचा प्रसंग विवाह, शके 1881, मामांकडून. येथवर आत्याच्या सांगण्यावरून रकाने भराभर भरले. "आता याची हकीकत सांग, दोन मिनिटांत," असे म्हणून मी मोबाइल तिच्या हाती दिला. आत्याने अंगठा दाबला आणि चाळीस मिनिटांनी उचलला. त्या चाळीस मिनिटांत घंगाळाचा प्रथमोल्लेख अडतिसाव्या मिनिटास आहे. तत्पूर्वीचा भाग 12 जुलै 1961 या बुधवारच्या सकाळचा आहे. पानशेतचे धरण फुटले, ते पाणी खडकवासल्याच्या अंगावर आले, तेही धरण गेले, आणि मुठेने पेठांत प्रवेश केला, हे इतिहासात नमूद आहे. परंतु त्या वेळी आत्याच्या चुलीवर आमटी कोणती होती, धरण फुटल्याची आवई प्रथम कोणी आणली व त्यावर विश्वास का ठेवला गेला नाही (तो गृहस्थ आदल्या महिन्यात वाघ आल्याचेही सांगून गेला होता), शेजारच्या मुलीचा त्याच दिवशी ठरलेला दाखवण्याचा कार्यक्रम गच्चीवरच कसा उरकला आणि लग्न कसे जमले, हे इतिहासात नमूद नाही. पुराच्या मध्यावर कथा अकस्मात 1963 सालच्या जानेवारीत गेली, कारण सरकारने सोन्यावर नियंत्रण आणून चौदा कॅरटांहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास मनाई केली आणि पुरात गेलेल्या पाटल्यांच्या बदली आत्याला मिळालेल्या नव्या पाटल्या त्या फिक्या रंगाच्या सोन्याच्या निघाल्या. हे दुःख बासष्ट वर्षांत यत्किंचितही फिके झालेले नाही.

आणि मग अडतिसाव्या मिनिटास घंगाळ आले. पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा आत्याने देव्हाऱ्यातले सारे देव उचलून घंगाळात ठेवले, आणि जिन्याकडे वळते तोच पाण्याचा लोंढा अंगणात शिरून ते घंगाळ देवांसह तरंगत दिंडीदरवाजातून बाहेर पडले. चार दिवसांनी ते दोन बोळ पलीकडे एका घराच्या माडीच्या कठड्याला अडकलेले सापडले. त्या घरच्या बाईने देवांना रोज नैवेद्य दाखवला होता आणि देव परत देताना तिने रडून घेतले. इंद्रायणीतून गाथा तरली तसे आमचे देव मुठेतून तरले, असे म्हणून आत्याने अंगठा उचलला.

दहा मिनिटांत कोल्हापुराहून तिच्या धाकट्या दिरांचे प्रत्युत्तर गटात आले. त्यांचे वय 81. घंगाळ तरंगत गेले हे त्यांना मान्य होते. त्यात देव होते हे साफ नामंजूर होते. त्यात भिजत घातलेली चार धोतरे होती, त्यांतली दोन त्यांची स्वतःची होती, आणि देव त्यांनी स्वतः खिशात घालून माळ्यावर नेले होते, अशी त्यांची कैफियत होती. यावर आत्याने सतरा मिनिटांचे खंडन धाडले. नाशिकच्या नणंदेने तिसराच पक्ष घेतला: ते घंगाळ हे नव्हेच, मूळचे घंगाळ पुरात गेले ते गेलेच, आणि परत आले ते कोणा दुसऱ्याचे.

येथे माझी अवस्था अवघड झाली. पानिपत 1761 सालचे आणि पानशेत 1961 सालचे, उभयतांत बरोबर दोनशे वर्षांचे अंतर. पैकी पानिपताच्या बाबतीत इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावची दफ्तरे धुंडाळून 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला आणि पुढे त्याचे बावीस खंड झाले. पानशेतच्या घंगाळाविषयी साधने म्हणून माझ्या हाती तीन ध्वनिमुद्रणे होती आणि ती तिन्ही परस्परांस खोटे ठरवीत होती. दानलेख वाचून निर्णय करावा म्हणून मी घंगाळ उलटे केले, तर मामांच्या नावावरच पोचा. शेवटी 'हकीकत' या रकान्याखाली मी तीन पोटरकाने पाडले. दुसऱ्या रविवारअखेर अनुक्रमांक एकच पुरा झालेला होता.

ही ध्वनिमुद्रणे ऐकून उतरवणे माझ्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून मी आतेभावाच्या धाकट्या मुलाला पाचारण केले. तो संगणकशास्त्र शिकतो आणि कोणत्याही प्रश्नाला "होईल की" असे उत्तर देतो. मराठीत नुसते बोलून टंकन करण्याची सोय 2017 सालापासून मोबाइलवर आहे, हे त्याने मला दाखवले आणि आत्याची सर्व वाणी त्या यंत्राच्या पुढे सोडली. यंत्राने ती विलक्षण वेगाने उतरवून काढली. फक्त 'घंगाळ' हा शब्द त्याच्या परिचयाचा नव्हता. त्यामुळे आमच्या घराण्याच्या पहिल्या लिखित साधनात असे नमूद आहे की, पुराच्या दिवशी अंगणातून बंगाल वाहून गेला, त्यात आमचे देव होते, आणि चार दिवसांनी बंगाल दोन बोळ पलीकडे माडीला अडकलेला सापडला. 'वेळणी'ची वेणी झाली आणि तिच्यावर कल्हई करण्यात आली. नणंदबाईंच्या मते मात्र परत आला तो बंगाल मूळचा नव्हेच.

यावर त्या मुलाने दुसरा तोडगा काढला. जपानातील डेन्सो वेव्ह या कारखान्यात 1994 साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढलेले जे काळ्यापांढऱ्या चौकटींचे कोष्टक आज भाजीवाल्याच्या हातगाडीवरही लटकलेले दिसते, तसले एकेक कोष्टक प्रत्येक भांड्यावर चिकटवायचे, म्हणजे मोबाइल पुढे धरताच ते भांडे आत्याच्या आवाजात बोलू लागेल. कल्पना मला मनोहर वाटली. आत्याने कोष्टकाकडे निरखून पाहून, "रांगोळी बरी आहे, पण ठिपके चुकलेत," एवढाच अभिप्राय दिला. तीस भांड्यांना ठिपके लागले. दुसऱ्या दिवशी कामाच्या मावशींनी ती तीसही भांडी काथ्याने स्वच्छ घासून, ओट्यावर पालथी घालून, सुटलेली कोष्टके नीट वाळवून एका वाटीत काढून ठेवली. मुलाने ती अंदाजाने पुन्हा चिकटवली. परिणामी अडकित्त्यापुढे मोबाइल धरला असता, यातून काशीहून गंगा आणली आणि वाटेत भुसावळला सांडली, असे तो सांगू लागला. आणि ज्या फिरकीच्या तांब्यातून ती गंगा खरोखर आली होती, तो सुपारी कातरण्याविषयी बोलू लागला. पाहुणे आले की आत्या त्यांना हा खेळ हौसेने दाखवते आणि मग खरे काय ते तोंडाने सांगते. सांगण्यास निमित्त मिळाले याबद्दल ती त्या शास्त्रावर प्रसन्न आहे.

दरम्यान तिला माझी गरज उरली नव्हती. पहाटे साडेचारला उठून, देवपूजेपूर्वी, ती एकेका वस्तूवर बोलू लागली. न्यू जर्सीत तेव्हा संध्याकाळ असल्यामुळे नात तत्परतेने पुढचे प्रश्न विचारी, आणि पुण्यात आम्ही उठेपर्यंत एखाद्या पंचपाळ्याची तीन पिढ्यांची हकीकत पुरी झालेली असे. दोनशे भांडी पावसाळ्यातच संपली. मग आत्या दुसऱ्यांच्या भांड्यांकडे वळली. नाशिकच्या नणंदेकडील चांदीची वाटी भेट नसून 1974 साली बाळंतपणात उसनी नेलेली आहे. कोल्हापूरच्या कपाटातले अत्तरदाण-गुलाबदाण ज्यांच्याकडून आले म्हणून सांगतात त्यांनी ते दिलेले नसून ते त्यांच्याकडून परत करावयाचे राहिले आहे. आणि माझ्या मातोश्रींच्या फणेरपेटीचा आरसा कोणी फोडला हे सर्वांना वाटते तसे नसून, तो मी फोडला. हे सर्व पहाटे, सव्वीस माणसांच्या गटात. संदेश सर्वांसाठी काढून टाकण्याचीही सोय असते, असे नणंदबाईंनी सुचवून पाहिले. "असेल," आत्या उत्तरली, "वाटी परत करण्याचीही असते."

जाबता पुरा करावयास मी बसलो तो दिवाळीनंतर. सहा रकाने ओसंडून वाहत होते. एक मात्र दोनशेपैकी एकशे चाळीस वस्तूंपुढे कोरा होता. मालकाचे नाव. आतोबांच्या नावाने संग्रहात शोध घेतला तर एकही जागा सापडेना. हा काय चमत्कार म्हणून मी मूळ ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकली, तेव्हा उलगडा झाला. आतोबा त्यांत सर्वत्र होते. घंगाळ खांद्यावरून परत आणणारे, पाटल्यांसाठी सोनाराशी भांडणारे, भुसावळच्या फलाटावर सांडलेली गंगा टोपीने टिपणारे तेच होते. पण आत्याने त्यांना अथपासून इतिपर्यंत 'हे' म्हटले होते. 'हे म्हणाले', 'ह्यांनी आणलं', 'ह्यांचा तांब्या'. मराठी भाषेत 'हे' या शब्दाने शोध घेतला असता काय काय सापडते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

"नाव तेवढं सांग," मी म्हणालो. "एकदाच. म्हणजे मी सगळीकडे भरतो."

"तुला ठाऊक नाही का त्यांचं नाव?"

"मला आहे. पण दफ्तरात तुझ्या तोंडून हवं."

"नाव असं नुसतं घेतात का?" ती म्हणाली, आणि मग जरा वेळ काही बोलली नाही. आतोबांना जाऊन पंधरा-सोळा वर्षे झाली. "उखाणा घ्यायचा म्हणजे… आता कसला रे उखाणा."

मी विषय सोडून दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला गटात तिचे एक ध्वनिमुद्रण आले. इतके लहान तिने कधीच धाडले नव्हते. 'पानशेतच्या पुरातून परत आलं घंगाळ, पन्नास वर्षं ज्यांनी केला माझा सांभाळ, त्या…' आणि पुढे काही नाही. गटात वाहवा झाली. नाव मात्र आले नव्हते. मी कळवले. तिने पुन्हा धाडले. तेही 'त्या'पाशी तुटले. तिसरे, चौथे आणि पाचवेही तसेच. यंत्र बिघडले असावे असे समजून मी सकाळीच तिच्याकडे गेलो आणि समोर बसून सहाव्यांदा म्हणावयास लावले.

यंत्र ठीक होते. आत्याने अंगठा दाबला, पदर सावरला, उखाणा स्पष्ट शब्दांत म्हटला, आणि नाव ओठांवर येता येता, गेली सहासष्ट वर्षे येत असतील तसे, तिचे दोन्ही हात आपोआप जोडले जाऊन कपाळाला लागले. अंगठा उचलला गेला, ध्वनिमुद्रण रवाना झाले, आणि मग तिने नाव घेतले.

"आलं का रे या खेपेला?"

"आलं," मी म्हणालो. आणि जाबता उघडून एकशे चाळीस रकान्यांत ओळीने 'हे' असे भरत गेलो.